सायकलच्या ट्यूबवरचे चौघे

मी जे सांगणार आहे त्यावर जळगाव-धुळ्यात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि कुणी ठेवलाच तर मलाच वाईट वाटेल. सावद्यात केळी पिकवतात त्या थंडगार खोलीने विलायतेतल्या चौघांना एका दुपारसाठी परत गायला लावलं.

सुरुवात मी अशीच केली. धुळ्यात योगेंद्रच्या सायकल दुकानामागच्या खोलीत आम्ही त्या चौघांच्या बँडचे वेडे वर्षातून एकदा जमतो. माझा दोस्त तोताराम भिंतीला टेकून बसला होता. त्याला आता काहीच ऐकू येत नाही. लोक हसले की तोही हसतो. त्याला सावद्याहून घेऊन आलेली त्याची मुलगी भूमिका दाराशी होती.

साठच्या दशकाच्या मध्यावर दोन-तीन वर्षं त्या चौघांच्या अंगात आलं होतं. आधी नुसती नाचायची गाणी, मग एकदम सतार काय, उलटी फिरवलेली टेप काय. त्यातलं शिखर कोणतं यावर जगभर भांडणं असतील, आमच्यात नव्हती. एक रेकॉर्ड आणि तिची दुसरी बाजू. झालं होतं असं, की योगेंद्रच्या प्लेअरचा पट्टा तुटला आणि त्याने सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवली. ती सैल पडली. थाळी रेंगाळत फिरायला लागली, चौघांचे गळे जाड झाले, ढोल विहिरीतून यायला लागला. आम्ही त्या गहिरेपणाला खोली म्हणायचो. त्या खोलीवर योगेंद्रने कॉलेजात भाषणसुद्धा दिलं होतं.

पुढे मोबाइलवर तीच गाणी खऱ्या, पळत्या वेगात आली. तोतारामने अर्ध्यातच फोन परत दिला. "हे पोट्टे कुठी पयू राह्यले?"

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की डावा कान गेलाच आहे, उजवाही पावसाळ्यापर्यंत जाईल, आणि यावर उपाय नाही. तेव्हापासून तो उठल्याबरोबर विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला कान लावायचा. घरघर आली की मगच चहा घ्यायचा. मग एक दिवस मोटर चालू असून त्याने भूमिकेला विचारलं, लाइट गेली का. मी भेटायला गेलो तर माझा हात सोडेना. बोलायचं म्हणजे त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं. तो एकच मागत होता, ते रेंगाळणारं गाणं. "मले हयू वालं आयकू दे, नाना. एक डाव."

मी धुळ्याला गेलो. योगेंद्रने प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही दिली, ट्यूबसकट. एसटीत प्लेअर मांडीवर घेतला, रेकॉर्ड खिडकीशी ठेवली. मे महिना, खानदेशचं ऊन. सावद्याला उतरून पाकीट उघडलं तर रेकॉर्डचा तळलेला पापड झालेला. तोताराम ओट्यावर बसला होता. त्याने ती हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि परत पाकिटात घातली. दुसरी कुठून आणायची? शोधून मिळाली तरी तोवर कान थांबणार नव्हता.

इथपर्यंत खोलीत कुणी हाललं नाही. माझ्याच्याने ती शांतता सोसवेना, म्हणून मी पुढे सांगत सुटलो.

म्हटलं, मी रेकॉर्ड घेऊन केळी पिकवायच्या चेंबरमध्ये घुसलो. दोन काचांमध्ये ती धरली, वर केळीचे क्रेट रचले आणि मी स्वतः त्यावर बसलो, दात वाजेपर्यंत. बाहेर काढली तर तव्यासारखी सपाट. प्लेअरची सुई एसटीत मोडली होती, तिथे बाभळीचा काटा बसवला. पहिला सूर निघाला आणि चेंबरमधली हिरवी केळी तिथल्या तिथे पिवळी पडली. हमाल क्रेट खाली ठेवून उभे राहिले. तोतारामने उजवा कान पुढे केला, हात प्लेअरवर ठेवला, आणि पूर्ण बाजू ऐकली. तीच खोली, तेच जाड गळे.

"नाना, हाई बठ्ठं खरं शे का?" योगेंद्रने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, विचार तोतारामला. तोताराम माझ्या तोंडाकडे बघत होता. तो हसला.

भूमिका उठून उभी राहिली.

"खोटं आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "रेकॉर्ड काचेखाली फुटली, तुकडे मी झाडून काढले. थाळी रिकामीच फिरत होती. नाना, पप्पांच्या कानाला तोंड लावून तुम्हीच गात होता."