सांडू हे नाव

माझ्या आधी आईला झालेली तिन्ही मुलं बारशाआधीच गेली. म्हणून मी जन्मताच आईनं मला पाचोडच्या घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या सत्यभामाबाईनं सुपात उचललं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. नाव ठेवलं सांडू. सांडलेलं, टाकून दिलेलं पोर. मरणानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहू नये, एवढीच तिची आस. मी जगलो, पण त्या नावानं मला जन्मभर छळलं. हजेरी घेताना मास्तरच आधी हसायचे, मग वर्ग. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथं मी सगळ्यांना एस. के. म्हणूनच माहीत होतो.

माझ्या सुनेची, मंजुषाची, दोन बाळं गेली. तिसरा मुलगा सातव्या महिन्यातच झाला आणि दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीवर नुसतं 'मंजुषा यांचे बाळ' लिहिलेलं. माझ्या बायकोनं, आशाबाईनं, एकच धोशा लावला, की तुमचं नाव त्याला द्या, नर्सकडून कोंड्याला विकत घ्या. जित्या आजाचं नाव नातवाला ठेवत नाहीत, तेही ती विसरायला तयार होती. मुलगा विश्वजीत माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. मी हो म्हटलं असतं तर त्यानंही मान डोलावली असती.

पण मला ती हजेरी आठवली.

"माझ्या नातवाच्या नशिबी हे नाव नाय," मी म्हणालो. "घरी आणल्यावर चांगलं ठेवू."

नवव्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कच्ची होती. नावानं फुप्फुसं पिकत नाहीत, एवढी अक्कल मला आहे. तरी आशाबाईच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही.

नर्सनं गुंडाळलेलं बाळ मंजुषाच्या मांडीवर दिलं. ती रडत नव्हती.

"आबा, याला एकदा तरी हाक मारायचीय," ती मला म्हणाली. "काय म्हणू?"

विश्वजीतनं मोबाइलमध्ये वीसेक नावं लिहून ठेवली होती. त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघेना. मी खाली बसलो, बारशाला आत्या नेते तसं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव आपणहून उच्चारलं.

"सांडू."

मंजुषानं त्याला तशीच हाक मारली.

"दिलं का शेवटी," आशाबाई म्हणाली, आणि त्याच्या अंगावरचं दुपटं सारखं करू लागली.