फडक्यात बांधलेलं चिडाचं बी

देहूरोडच्या क्वार्टरमागं आईनं लावलेलं चिडाचं, म्हणजे पाइनचं, झाड रस्ता रुंद करताना तोडलं. आई त्याआधीच गेली होती. झाडाच्या शेवटच्या शंकूंमधून मूठभर बी निघालं, ते मी डबीत भरून चऱ्होलीला आणलं. इथं माझी नर्सरी आहे, आणि बाबाही आता माझ्याकडेच असतात. त्या झाडाचं एक तरी रोप डोळ्यांदेखत उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"घाई करू नका," मी बजावलं होतं. "एकेक बी वेगळं पेरायचं. एकाला बुरशी असली तर सगळ्यांना लागते." पण ऐकतील तर ते बाबा कसले.

त्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीच्या बागेचं काम होतं. डबीकडे बघायलाही मला फुरसत नव्हती. एका संध्याकाळी परतले तर बाबा दारातच उभे.

"मोड आलेत बघ. तुझी आई मटकी बांधायची तसंच बांधलं. रोज पाणी शिंपडलं."

त्यांनी ओल्या फडक्याची गाठ सोडली. कुबट वास आला. बियांवर पांढरे तंतू पसरले होते, आणि बाबा नातवंडाकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत होते. माझं डोकंच फिरलं.

"हे मोड नाहीत, बाबा. बुरशी आहे ही."

"तुला सगळ्यातच खोट दिसती."

मी ब्लेडनं एक बी कापून दाखवलं. आत तपकिरी लगदा होता. "दुसरं बघ," ते म्हणाले. दुसरंही तसंच निघालं. मग ते एकेक बी पुढं करत गेले आणि मी कापत गेले. त्यांचा आवाज बारीक होत चालला, तसा माझा राग ओसरला आणि नुसती भीती उरली.

शेवटचं बी बोटांत दाबलं, तर टणक लागलं.

"हे नको कापायला. धुऊन पेरते, कदाचित येईल."

"उगं माझी समजूत काढू नकोस." त्यांनी बी आणि ब्लेड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच कापलं.

आतून ते पांढरंशुभ्र होतं. राळेचा ताजा वास आला.

बाबांचा चेहरा उजळला. "बघ, एक तरी चांगलं हाय म्हणत होतो ना मी." दोन्ही फाका तळहातावर ठेवून त्यांनी माझ्यापुढं धरल्या. "आता हे लाव."

मी दोन्ही फाका जुळवून बघितल्या, त्या पुन्हा सुटल्या. त्यांचा हात तसाच पुढं राहिला, आणि मग हळूहळू त्यांनाही कळलं.