वज्रकवचाची चाचणी

रविवारी सकाळी नऊच्या आतच आमच्या गावच्या शाळेमागचं मैदान भरून गेलं होतं. राजूरच्या गणपतीला निघालेली माणसंसुद्धा गाड्या थांबवून उतरत होती. मधोमध चौथरा, चौथऱ्यावर लोखंडी खल आणि खलाच्या तोंडावर तळहाताएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी चकती. वज्रबाबांनी हातोडा उचलला आणि असा हाणला की पुढं बसलेल्या बायांनी डोळे मिटून घेतले. चकती उडून बाजूला पडली. बाबांनी ती उचलून चौफेर फिरवली. तिला साधा तडाही गेला नव्हता.

"बर्फाची काच हाय ही, भक्तहो. अकरा वर्षं मंत्र पाजलाय तिला. ब्रह्मांडाची सगळी एनर्जी हिच्यात कोंडलेली हाय. ज्याच्या मनात खोट न्हाई, त्याच्या गळ्यातलं हे वज्रकवच कवाच फुटायचं न्हाई. मंग त्याला ना दवाखाना, ना गोळी, ना सुई. फक्त एक करा, घरी जाऊन कवचाची परीक्षा घेऊ नका. शंका घेतली की एनर्जी उडून जाती."

बर्फाची काच, तीही मंत्र प्यालेली. खरं तर हसू यायला हवं होतं. पण कुणी हसलं नाही आणि मीही हसलो नाही, कारण बाबांच्या मागं दोन थैल्या घेऊन उभा असलेला माणूस माझ्या ओळखीचा होता.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत आठ वर्षांपासून काम करतो. प्लास्टिक फोडणं हेच आमचं काम. कारखाने पाइप पाठवतात, हेल्मेट पाठवतात, पाण्याच्या टाक्यांचे तुकडे पाठवतात. कोणती वस्तू किती घाव सोसते ते आम्ही मोजून लिहून देतो. दोन महिन्यांपूर्वी वसंता नावाचा हा माणूस आरपार चकत्यांचे दोन ढीग घेऊन आला होता. शोभेच्या वस्तूंचा धंदा आहे, म्हणाला. दोन्ही ढिगांतल्या चकत्या हुबेहूब सारख्या दिसत होत्या. मी एकेक चकती लोखंडी कड्यावर ठेवून उभ्या नळीतून एक किलोचा पोलादी गोळा सोडला. पहिल्या ढिगातली चकती वीतभर उंचीवरूनच फुटली. दुसऱ्या ढिगातली दोन मीटरवरूनही फुटली नाही, नुसती लवली. नजरेला सारख्याच दिसतात तर ओळखायच्या कशा, असं त्यानं विचारलं. कुणी आपल्या कामात एवढा रस घेतोय याचा मला आनंद झाला. फरशीवर टाकून बघा, मी त्याला शिकवलं. फुटणारी खणकन वाजते, न फुटणारी दबक्या आवाजात पडते.

म्हणजे बाबांचा चमत्कार माझ्याच यंत्रावर तयार झाला होता.

त्या गर्दीत माझी चुलत बहीण बेबीनंदा होती. ती गावची आशा कार्यकर्ती. मी गावातून जालन्याला शिकायला जात होतो तेव्हा दोन वर्षं मी तिच्याच घरी जेवलो. मैदानात ती दर्शनाला आली नव्हती. गर्दीत बसलेल्या रूपाली नावाच्या एका सुनेला सातवा महिना लागला होता, पायांवर सूज होती, रक्तदाब वाढला होता. तिला तपासणीला न्यायला बेबीताई आली होती. बाबांनी ते हेरलं. बाया दवाखान्यात गेल्या तर कवच विकत घेणार कोण? त्यांनी बेबीताईला चौथऱ्याजवळ बोलावलं. वसंतानं डाव्या थैलीतून चकती काढली आणि खलावर ठेवताना निसटली असं दाखवून चौथऱ्याच्या फरशीवर पाडली. खणकन आवाज आला. बाकी कुणाला त्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला.

बाबांनी हातोडा नुसता टेकवल्यासारखा मारला आणि चकतीचे पाच तुकडे झाले.

बाबा शांतपणे म्हणाले, ह्या बाईच्या मनात खोट आहे, हिची सावली पोटुशी बाईवर पडू देऊ नका. गर्दी मागं सरकली. बेबीताईचा चेहरा पांढरा पडला होता. तिची नजर माणसांतून फिरत माझ्यावर आली.

"संघपाल, तू तर हेच काम करतू. सांग की लोकास्नी, कशानं फुटलं ते."

सगळे माझ्याकडं बघू लागले. वसंताही बघत होता. नमुना कुणाचा, निकाल काय, हे बाहेर सांगायचं नाही, असा आमच्याकडं नियम आहे. तो नियम मला त्या क्षणी फार सोयीचा वाटला. नोकरी आठवली. उद्या लोक म्हणतील, ह्यानंच बाबाला मदत केली, हेही मनात आलं. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली मी लहानाचा मोठा झालो. आणि तरीही मी म्हणालो, "मला न्हाई माहीत, ताई."

ती निघून गेली.

त्यानंतर गावानं तिला दार बंद केलं. रूपालीची सासू केशरबाई तर तिला अंगणातही येऊ देईना. रूपालीच्या गोळ्या सुटल्या, तपासण्या सुटल्या, गळ्यात कवच आलं. मी रोज मोटरसायकलवरून त्या घरापुढून कामाला जात होतो. एकोणिसाव्या दिवशी रूपालीला झटके आले. जालन्याला नेईपर्यंत पोटातलं लेकरू गेलं होतं. रूपाली कशीबशी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख नाहिद मॅडमना सगळं सांगितलं. नियमाचंही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"निकालाचा कागद वसंताचा आहे, तो आपण दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गावातल्या माणसाच्या गळ्यातली चकती तर त्याची स्वतःची आहे ना? ती आपण तपासू शकतो. हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं, संघपाल."



पुढच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर आम्ही नळी उभी केली, कडं ठेवलं, गोळा मांडला. ज्याला आपलं कवच तपासायचं असेल त्यानं यावं, असं मॅडमनी सांगितलं. बराच वेळ कुणी उठेना. मग केशरबाई उठली. तिनं पदराच्या गाठीतून रूपालीचं कवच काढून दिलं. मॅडमनी वीतभर उंचीवरून गोळा सोडला. कवचाच्या ठिकऱ्या झाल्या.

"म्हंजी माझ्या सुनेच्या मनात बी खोट व्हती?" केशरबाईनं विचारलं.

मॅडमनी सरपंचांकडं हात पुढं केला. सरपंचांचं कवच फुटलं. भजनी मंडळाच्या म्होरक्याचं फुटलं. ओळीनं अकरा कवचं फुटली. आता एक तर सगळं गाव पापी, नाही तर बाबा खोटा, एवढंच उरलं होतं. तेव्हा मॅडमनी प्रयोगशाळेतून आणलेली चकती काढली, शाळेतला खल मागवला आणि हातोडा बेबीताईच्या हातात दिला. ताईनं होता नव्हता तेवढा जोर लावून चार घाव घातले. चकती फुटली नाही.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. तुमच्या गळ्यातलं ॲक्रिलिक. ते दिसायला देखणं, पण ताठर. घाव बसला की त्याला लवता येत नाही, म्हणून तडा आरपार धावतो. बाबांच्या हातातलं पॉलिकार्बोनेट. हेल्मेटची पुढची काच म्हणतो ती त्याचीच असते. घाव बसला की ते लवतं आणि मार पोटात घेतं. ज्याला मान द्यायचा त्याची चकती एका थैलीतून, ज्याला बदनाम करायचं त्याची दुसऱ्या थैलीतून. बाकी सगळ्यांना मात्र फुटणारीच, कारण ती स्वस्त. परीक्षा घेऊ नका, असं बाबा म्हणाले ते यासाठी.

रूपालीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी पुढं झालो. वसंताच्या चकत्या मीच तपासल्या होत्या, आवाजाची खूणही मीच शिकवली होती आणि त्या दिवशी ताईनं विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, हे मी नियम बाजूला ठेवून, रूपालीच्या नवऱ्याकडं बघून सांगितलं. मला वाटलं, तो धावून येईल. तो खाली बसला आणि रडू लागला. ते मला जास्त जड गेलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पोलिसांनी पुढच्या गावात बाबा आणि वसंता दोघांना थैल्यांसकट पकडलं. बेबीताईला आता घराघरातून बोलावणं येतं. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. एकदा मी माफी मागायला गेलो, तर ती म्हणाली, "माझ्यापाशी कशाला? रूपालीपाशी जाय." मी अजून गेलेलो नाही. पाय उचलत नाही.

आता मी शाळाशाळांतून हा प्रयोग करून दाखवतो. मुलांना एवढंच सांगतो की वस्तू फुटते ती तिच्या घडणीनं, कुणाच्या पापानं नाही. जो म्हणतो परीक्षा घेऊ नका, त्याची परीक्षा आधी घ्या. आणि मोठ्यांना सांगतो, बाबाला खरं माहीत असतं आणि तो खोटं बोलतो. पण गर्दीत आणखी कुणाला तरी खरं माहीत असतं आणि तो गप्प बसतो. तो तुम्ही असाल, तर त्याच वेळी बोला. नंतर बोलून फक्त चकत्या फुटतात, गेलेला जीव परत येत नाही.