बोळापुढचा दीड मीटर

आमच्या गल्लीत सकाळी सातच्या आत प्रत्येकाने आपापल्या घरापुढचा बर्फ काढून, कुणी घसरू नये म्हणून खडी टाकायची असते. शेजारचे हेफले हा नियम इतक्या नेकीने पाळतात की बघून शिसारी येते. त्यांचं फावडं कुंपणाच्या शेवटच्या खांबाशी थांबतं, बोटभरही पुढे सरकत नाही. मग झाडू, मग खडी. ती टाकताना तर जणू दाणे मोजतात.

त्यांच्या खांबापासून माझ्या फाटकापर्यंत दीड मीटर वाट उरते, मधल्या बोळाच्या तोंडाशी. बोळाचा मालक मेला, वारस परदेशात. हेफलेंच्या छपराचं पाणी तिथे ठिबकतं आणि रात्रीतून गोठून गुळगुळीत होतं.

रोज साडेअकराला तिथून ओटिलीआजी जातात. वय ब्याऐंशी. त्यांचे यजमान गोटलोब कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात आहेत. त्यांना आता काही आठवत नाही, आणि आजींशिवाय कुणाच्या हातचा घास ते घेत नाहीत. म्हणून आजी घरून डबा नेतात आणि स्वतः भरवतात.

सोमवारी मी हेफलेंना म्हटलं, "अहो, बादली हातात आहेच, तर मूठभर खडी इकडेही फेका की. आजी पडतील एखाद दिवशी."

"ती माझी हद्द नाही, गेरलिंडेबाई."

"हद्दीचं काय लोणचं घालायचंय?"

"आज टाकली आणि उद्या विसरलो, तर पडणारा मलाच धरेल. वकिलाला विचारलंय मी. तुम्हाला एवढा कळवळा आहे, तर तुम्ही टाका."

"मी का म्हणून? पाणी तुमच्या छपराचं."

माणूस कसला, नुसती मोजपट्टी. मला इतका वीट आला की मी माझी बादली उचलली आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांच्या अंगावर घोंगडी धरून बसले होते, आणि हेफले मोबाइलवर आपल्या वाटेचे फोटो काढत होते. बाई विव्हळतेय आणि हा खडीचे फोटो काढतोय.

रुग्णवाहिकेतल्या पोराने सहज विचारलं, "इथे खडी नव्हती का?"

"माझ्या बाजूला आहे," हेफले म्हणाले.

"माझ्याही बाजूला आहे. हवं तर बघून घ्या," मी म्हणाले. तोच सूर, तोच ताठा. हेफलेंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आपल्यातल्या माणसाकडे बघून डोलवावी तशी. मला माझीच किळस आली.

स्ट्रेचरवरून आजींनी माझा हात धरला. "गेरलिंडे, डबा सांडला नाही ना? ह्यांना बारा वाजता भूक लागते गं."

डबा सांडला नव्हता. मी तो घेऊन गेले. गोटलोब गळ्याला रुमाल बांधून टेबलाशी बसले होते. मी मसुराच्या सुपाचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. "घ्या आजोबा, आजींनी पाठवलंय."

ते माझ्या मागे, दाराकडे बघत होते. चार वाजेपर्यंत मी तशीच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.