संत्र्याच्या खोक्यातला भात

रेल्वेचा संप लागला तेव्हा श्रावणच्या लेकीचं, प्रेमलताचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. कोळशाच्या डेपोला कुलूप होतं. रॉकेलच्या दुकानापुढे रांग चौकापर्यंत गेली होती. घरात जळण म्हणून उरलं होतं ते जुन्या मोडलेल्या हातमागाचं लाकूड. तेवढ्यावर उमरेडहून येणाऱ्या वऱ्हाडाचं जेवण निघणार नव्हतं. वऱ्हाड उपाशी गेलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, हा एकच विचार श्रावणच्या डोक्यात होता.

त्याची बायको रुख्माबाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. ती शाळेत गेली नव्हती. पण प्रेमलताने मॅट्रिकचा भूगोल वर्षभर त्या रहाटाशेजारी बसून मोठ्याने घोकला होता. आईलाही तो निम्मा पाठ झाला होता.

"कोळसा संपनारं साधन हाय," ती म्हणाली. "ऊन, वारा न संपनारं. अन् जे हाय ते पुरवून वापरनं, त्याले संवर्धन म्हन्तात."

"मंग वाऱ्यावर भात शिजव," श्रावण चिडला.

"वाऱ्यावर काहून? भाताचा गंज उकळला का आच बाहेर पळते. तिले पळूच द्याची नाही."

थंडीत ती न्हाण्याच्या पाण्याचा हंडा तापवून गोधडीत गुंडाळून ठेवायची. तसंच उकळी आलेला गंज, म्हणजे भाताचं पातेलं, संत्र्याच्या खोक्यात ठेवायचा आणि चहूकडून सूत कोंबायचं, असं तिच्या मनात होतं. भात आतल्या आचेवरच शिजणार होता.

श्रावणने मागाखालचं तुटकं सूत गोळा करून आणलं. एक गंज ठेवून पाहिला. दुपारी खोकं उघडलं तर सुताचा चिकट लगदा झालेला, गंज त्यात रुतून बसलेला आणि भाताला आंबूस वास.

श्रावणची मोठी बहीण गोदूबाई लग्नासाठी आली होती. ती म्हणाली, "वऱ्हाडाले लापशी चारतं का वं?"

चुकलं तर रुख्माबाई कपाळाला हात लावून बसणारी नव्हती. तिने लगदा बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"अजी, हे पाजलेलं सूत हाय! ताण्याले लावलेली खळ वाफेनं फुगली."

कोष्ट्याच्या घरात सूत म्हटलं की ताण्यासाठी खळ लावून कडक केलेलं तेच हाताला येणार. ती आत गेली, लेकीला द्यायची नवी गादी ओढत आणली आणि शिवण उसवायला लागली.

"अवं, नवरीची गादी!" गोदूबाई ओरडली.

"गादी मंग भरता येते. कापसाले खळ नसते."

लग्नाच्या दिवशी एकाच चुलीवर एकामागून एक गंज उकळले आणि खोक्याखोक्यांत कापसात गेले. वडे रद्द झाले. त्यावर वऱ्हाडातले लोक कुरकुरले. लग्न लागायला उशीर झाला. व्याही वामनराव मांडवाच्या मागे फिरून आले.

"श्रावणजी, चूल तं इझून गेली. जेवाले भेटन ना गा?"

रुख्माबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खोक्यातला कापूस बाजूला सारून झाकण उचललं. वाफ वर आली. गोदूबाईने शीत बोटांत दाबून पाहिलं, मग दुसऱ्या गंजातलं पाहिलं, आणि मांडवाकडे तोंड करून जोरात म्हणाली, "बसवा रे पंगत!"

दाराजवळच्या खोक्यातला भात जरा कच्चा राहिला होता. तो रुख्माबाईने मागे ठेवला. बाकीचा मोकळा, गरम भात पानांवर पडला. वामनरावांनी वरण ओतून घेतलं आणि पुन्हा भात मागितला. आतल्या खोलीत कापसाने पांढरे झालेले हात झटकत रुख्माबाई पुढचं खोकं उघडत होती, तोंडाने वाढप्यांना हाका मारत होती. श्रावण वाढायचं विसरून दारातच उभा राहिला.

"काय पाहून राहिले जी?" ती म्हणाली. "लोक खोळंबले ना. न्या हा गंज."