पाच हजार ओळखी आणि दोन फाटके मांडे

मित्रांनो, मी पाचोऱ्याच्या सविताताईंच्या मांड्यांची वेबसाइट. वय सात वर्षं. आमच्यात सात म्हणजे साठी उलटलीच. पण जीव अजून थाऱ्यावर नाही. आता मी कितव्या नंबरवर असेन? आणि आता?

माझा जन्म साधाच. चार फोटो, एक फोन नंबर आणि 'लग्नकार्यासाठी उपड्या खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांची ऑर्डर घेतो' ही एक ओळ. कोणी सर्च इंजिनात मांडे शोधले, की मी चौथ्या पानावर निमूट उभी असायचे. चौथ्या पानावर कोण येतं? वाट चुकलेला माणूस.

हे सविताताईंचे यजमान पितांबरभाऊ यांना फार खुपायचं. एक दिवस त्यांना धुळ्याचा योगेंद्र भेटला. वेबसाइटी वरच्या नंबरावर चढवून देण्याचा त्याचा धंदा. म्हणाला, "भाऊ, दुसऱ्या वेबसाइटनं आपल्याकडे बोट दाखवलं की त्याला लिंक म्हणतात. जितकी बोटं, तितका वरचा नंबर. पैसे द्या, पाच हजार लिंका लावून देतो."

भाऊंना लगेच पटलं. पत्रिकेवर जितके निमंत्रक, तितकं लग्न मोठं, असं त्यांचं गणित. पुतणीच्या पत्रिकेत त्यांनी इतकी नावं कोंबली होती, की मंगल कार्यालयाच्या नावाला जागाच उरली नाही. अर्धं वऱ्हाड भलत्याच लग्नात आहेर देऊन, जेवून आलं.

मग काय! ब्राझीलचा दातांचा दवाखाना, रशियातलं टायरचं दुकान, ऑनलाइन रमी, टकलावर केस उगवणारं तेल, सगळे एका सुरात म्हणायला लागले, 'मांडे खावेत तर सविताताईंचेच.' मी थेट पहिल्या नंबरावर! तेलाच्या पानावरून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, 'खापर डोक्यावर किती वेळ ठेवायचं?' पण खऱ्या ऑर्डरीही आल्या. सविताताईंनी लग्नसराई धरून बेबाबाईंना आणि आणखी दोघींना कामावर घेतलं, तीन चुली वाढवल्या. त्या चुलींचा भार माझ्यावर, आणि मी उभी कशावर? टकलाच्या तेलावर!

तेवढ्यात सर्च इंजिननं अपडेट आणला. विकतची लिंक ओळखायची आणि ती मोजायचीच नाही. दंड नाही, ओरडा नाही. सकाळी मी पहिली होते. बेबाबाईंचा चहा होईस्तोवर नवव्या पानावर; चौथ्या पानावरची जुनी जागाही एव्हाना दुसऱ्यांनी धरली होती.

फोन थंड, चुली थंड. बेबाबाई दारात येऊन विचारायच्या, "ताई, आज काम शे का?"

योगेंद्र म्हणाला, "आणखी दहा हजार लावू." आणि भाऊ तयार!

सविताताईंनी मोबाइलवर एकेक लिंक उघडून पाहिली. टायर, दात, टक्कल. भाऊंना म्हणाल्या, "ह्या बठ्ठा लोक कोन शेतस? यासमाधून एकनी तरी आपला मांडा खादा का?"

"पत्रिकावरला तरी कोठे वळखीना ऱ्हातस?"

"म्हनीसनच वऱ्हाड भलतीकडे जेवनं!"

ताईंनी योगेंद्रला विचारलं, "त्या लिंका काढल्या तर आमचा नंबर परत येईल?"

"नाही ताई. तो त्या लिंकांचाच होता."

मग ताईंनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. "कुठं लिहीत असाल, तर जसं खाल्लं तसं लिहा." वरणगावची नूतन स्वयंपाकावर स्वतःची वेबसाइट चालवते. तिच्या भावाच्या लग्नात आमचे मांडे होते. तिनं लिहिलं, 'पाहुणे पंगतीतून उठेनात. दोन मांडे मात्र फाटके निघाले.' खाली माझी लिंक.

भाऊ भडकले. "बदनामी शे ही! काढाले सांग!"

"ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाल्या, "दोन फाटेलच व्हतात."

आठवड्याभरानं धुळ्याच्या एका आजींचा फोन आला. "ते फाटके मांडे तुमचेच ना? मग पातळ असतील. नातवाच्या लग्नाला पाठवा." बेबाबाईंची चूल पेटली. एकच, बाकीच्या अजून थंड आहेत.

मित्रांनो, मी सध्या सहाव्या पानावर आहे. अपडेट म्हटलं की धाबं दणाणतं, खोटं कशाला सांगू? पण एक मागणं आहे. मला ओळखी विकत आणू नका. मांडा खाल्ला असेल तरच माझं नाव घ्या. आणि फाटका निघाला, तर फाटका लिहा. त्या ओळीवरून चालत येणारं माणूस जेवायलाच येतं.