शॉमबर्गमधली एकमेव गच्ची

आश्लेषाला तो डबा पहिल्याच दिवशी आवडला, पण घरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एखाद्या खोलीएवढा पांढराशुभ्र डबा. सोमवारी सकाळी सामान हलवणाऱ्या कंपनीचा ट्रक आला, त्याने पाठीवरच्या लोखंडी चौकटीतून डबा उचलून ड्राइव्हवेवर अलगद टेकवला, जसं कुणी झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं, आणि निघून गेला. आता आठवडाभर त्यात अख्खं घर भरायचं, आणि शनिवारी तोच ट्रक परत येऊन डबा दोन हजार मैलांवरच्या रेडमंडला नेणार. बाबाची नवी नोकरी तिथे होती.

डब्याची खरी गंमत मात्र आत होती. त्याचं छत दुधी काचेसारखं होतं. बाहेर कडक ऊन असलं तरी आत सायीसारखा मऊ उजेड पडायचा. गुंडाळलेल्या गालिच्यावर पाठ टेकून आश्लेषा वर बघत पडायची. एखादा पक्षी छतावर उतरला की त्याची इवलीशी पावलं खालून दिसत, टिप् टिप् टिप्, आणि उडाला की पुन्हा नुसता उजेड. आपण शिंपल्यात आहोत, की ढगात, की अजून जन्मच झालेला नाही, असं काहीबाही तिला वाटायचं. मग बाबा ओरडायचा, "आशू, जड खोकी आधी! तू खोकं नाहीयेस, बाहेर ये!"

पण त्याच सोमवारी त्या डब्यापायी एक भलतंच घडून गेलं होतं.

समोरच्या घरातली प्रतिमा मावशी सपाता घालूनच रस्ता ओलांडून आली होती. आईची, म्हणजे सुमेधाची, इथली, शॉमबर्गमधली, सगळ्यात जुनी मैत्रीण. मूळची नागपूरची. तिचा नवरा, नरेंद्र काका, कामापायी बहुतेक दिवस विमानात, मुलगा कॉलेजला लांब गेलेला. त्यामुळे तिचा अर्धा संसार आश्लेषाच्याच घरात चालायचा. पहिलीपासून स्कूलबस आश्लेषाला मावशीच्या दारात सोडायची. तिच्या दुधाच्या दातांतला एक अजून मावशीच्या फडताळात कुठेतरी होता.

"काय गं सुमेधा! सामानाला डबा मागवला, नवं करायला किचन तोडून राहिले का तुम्ही? मला बोलली नाहीस!" मावशी हसत हसत आली.

आई गॅरेजच्या दारात उभी होती, हातात चिकटपट्टी. तिचं तोंड उघडलं, पण आवाज बाबाचा, म्हणजे विनयचा, आला. बाबा मोजपट्टी घेऊन डब्याच्या आत-बाहेर करत होता, खुशीत होता. "किचन नाही हो प्रतिमाताई, अख्खं घरच! आम्ही रेडमंडला चाललो ना!"

आईने सांगितलंच असणार, असं त्याला वाटलं होतं. आईने सांगितलं नव्हतं. एप्रिलपासून "आज सांगते, उद्या सांगते" चाललं होतं.

मावशीने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "अच्छा," ती म्हणाली. बस, एवढंच. आणि सपाता फटफटवत परत गेली. तिचं दार लागल्याचा आवाज आश्लेषाला डब्याच्या आतही ऐकू आला.

त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. शनिवारी डबा जाणार, रविवारी हे तिघे गाडीने निघणार. हे असंच ठेवून निघालो तर रेडमंडपर्यंतचा सगळा रस्ता आई खिडकीबाहेर बघत बसेल, आणि तिथे पोचल्यावरही बघतच राहील, हे आश्लेषाला लख्ख दिसत होतं. आणि मावशी? मावशी "अच्छा" म्हणून दार लावून घेईल, ते कायमचंच.

आता, गेल्या वर्षीपर्यंत हीच आश्लेषा वर्गात हजेरीलाही नुसती मान हलवायची. यंदा डिबेट टीममध्ये शिरली आणि तिला शोध लागला की आपल्याला आवाज आहे, चांगला दणदणीत आहे. तेव्हापासून जगात बोलून सुटणार नाही असा प्रश्नच नाही, असं तिचं ताजं ताजं मत झालं होतं. मंगळवारी तिने आईसमोर मुद्देसूद भाषण केलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते चादरींचं खोकं बंद कर." मग मावशीसमोर केलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिवडा खातेस?"

बुधवारी ती पुन्हा मावशीकडे गेली ती भाषण न घेताच. दार उघडताच आंबूस वास आला. भिजवलेल्या गव्हाचा वास! दर जूनमध्ये मावशी आणि आई मिळून कुरडया घालायच्या. गहू भिजवायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, शिजवायचा, आणि सोऱ्यातून गोल गोल चकत्या पाडून उन्हात वाळवायच्या. मावशीने यंदाही गहू भिजवले होते. ओट्यावर दोन पातेली होती. एक मावशीच्या घरचं, एक आश्लेषाच्या घरचं. सवयीने असेल.

आश्लेषाने दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात तो दुधी उजेड लखकन पडला.

"मावशी, एक सांगू? आमच्याकडे गच्ची आलीये."

"काहीही बोलते पोरगी."

"सिरियसली! एकदम फ्लॅट. पांढरी. वर एकही झाड नाही, दिवसभर ऊन. तुझ्या मागच्या लाकडी डेकसारखी मेपलची सावली नाही. आणि बाजू इतक्या गुळगुळीत की खारींना चढताच येणार नाही."

मावशी पाठमोरी होती. ती वळली. "खारींना येणार नाही?"

शॉमबर्गच्या खारींनी मावशीच्या किती कुरडया पळवल्या, त्याला गणती नव्हती. "आमच्या नागपूरच्या गच्चीवर एक वाया जायची नाही," हे वाक्य आश्लेषा लहानपणापासून ऐकत आली होती. "आणि इथे बघा बाप्पा, सगळी उतरती छपरं. गच्ची म्हणून नाही कुठे!"

"पण तो तुझ्या आईचा डबा आहे," मावशी म्हणाली.

"कंपनीचा आहे. भाड्याने आणलाय. म्हणजे टेक्निकली..."

"मला टेक्निकली शिकवू नको." मावशीने एका पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला, पुन्हा ठेवलं. "उद्या ऊन आहे का, बघ तुझ्या फोनात."

घरी येऊन आश्लेषाने बातमी दिली. "आई, उद्या मावशी येतेय. बोलायला नाही. कुरडया घालायला. डब्यावर."

आईचा चिकटपट्टी ओढणारा हात थांबला. बाबा म्हणाला, "अगं, छतावर चढायचं नाही असं कंपनीने बजावलंय!"

"आपण चढत नाहीये, बाबा. फक्त हात चढतायत."

 संध्याकाळी लांब दांड्याचा पोछा घेऊन आई शिडीवर उभी होती आणि छत असं पुसत होती की जणू पाहुणे तिथेच जेवायला बसणार आहेत.

गुरुवारचं ऊन अगदी पिवळंधमक पडलं. डब्याच्या एका अंगाला आईची शिडी लागली, दुसऱ्या अंगाला मावशीची, दिवाळीला दिव्यांच्या माळा लावायची. गाद्यांसाठी आणलेल्या पारदर्शक पिशव्या कापून दोन्ही कडांना अंथरल्या. मधला पट्टा कुणाच्याच हाताला पोचत नव्हता, तो तसाच उघडा राहिला. बाबाने मावशीच्या घरून गरम चिकाचं पातेलं जुन्या रजईत गुंडाळून आणलं आणि तिच्या बाजूला छताच्या कडेवर ठेवलं. रस्त्यावरून पाहिलं तर पांढऱ्या मैदानाच्या दोन कडांना दोन डोकी नुसती उगवलेली, एकमेकींकडे न बघणारी.

"आशू," आईने वरून हाक मारली, "आपला सोऱ्या कुठल्या खोक्यात गेला गं?"

आश्लेषा डब्यातच होती. सोऱ्या कुठे आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. 'किचन, इतर' असं तिनेच तर लिहिलं होतं. ती त्या खोक्यावर जाऊन बसली, पाय पोटाशी घेऊन.

"सापडत नाहीये!"

"नीट बघ!"

"बघतेय! खूप खोकी आहेत!"

म्हणजे आता एकच सोऱ्या, मावशीचा पितळी. आणि चीक तर कुणासाठी थांबत नाही; गार झाला की दगड. आश्लेषाने मान वर केली.

छतावर पहिली कुरडई उमटली. खालून ती गोल, जाळीदार सावलीच दिसली. मग दुसरी. मग तिसरी. मावशीच्या बाजूने चंद्रांची रांग उगवत चालली होती. आश्लेषाच्या गुडघ्यांवर, खोक्यांवर, बांधलेल्या खुर्च्यांच्या उलट्या पायांवर त्या पुसट सावल्या उतरत होत्या. तिला वाटलं, सबंध घरच पाण्याखाली गेलंय आणि वर कुणीतरी कमळं सोडतंय. आईची बाजू मात्र कोरी होती. तिथे नुसते दोन हात टेकलेले दिसत होते, दहा बोटं, वाट बघणारी.

मावशीची रांग संपली. पातेल्यात चीक उरला होता, पण तिचा हात आणखी पुढे पोचत नव्हता. सोऱ्या भरल्याचा आवाज आला.  मग सोऱ्याची लांबट सावली सरसर सरकत निघाली, मधल्या पट्ट्यावरून, आईकडे.

आणि मध्येच अडकली.

 आईचा हात लांबला. मावशीचा हात लांबला. दोन्ही सावल्या ताणत ताणत आल्या, पण सोऱ्या त्यांच्या बरोब्बर मधोमध. बोलू का? तिच्या जिभेवर अख्खं भाषण आलं होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"एवढी ताणू नको, पडशील!" वरून मावशीचा आवाज आला.

"मग नीट ढकलायचा ना!"

"मी नीटच ढकलला. तुला झेलता येत नाही!"

"थांब, पोछ्याने ओढते."

"त्या पोछ्याने? अन्नाला?"

"दांड्याने गं!"

दांड्याची सावली आली, सोऱ्याला ढुशी देत देत घेऊन गेली. आईच्या बाजूने पहिला चंद्र उगवला, जरा वाकडा.

"पातळ पडून राहिली," मावशी म्हणाली.

"पडू दे."

मग सोऱ्या जात राहिला, येत राहिला. रिकामा जायचा, भरून यायचा. कितीतरी वेळाने मावशी म्हणाली, "मला वाटलं, किचन तोडताय."

आईचे हात थांबले. "एप्रिलपासून रोज ठरवत होते."

"मग?"

"दोनदा तुझ्या दारात आले. एकदा कोथिंबीर मागून परत गेले, एकदा हिंग."

"ती कोथिंबीर... कशाला हवी होती मग?"

"कशालाच नाही. फ्रिजमध्ये सडली."

मावशी हसली नाही. "विनयच्या तोंडून ऐकलं मी, सुमेधा. पोस्टमनला जेवढं कळलं तेवढंच मला कळलं. दारात डबा दिसला म्हणून."

खाली आश्लेषाने मान आणखी मागे टाकली.

"घर विकलं, सह्या केल्या, आशूचं तिकडच्या शाळेत नाव घातलं," आई म्हणाली, "तेव्हा काही वाटलं नाही. सगळं दुसऱ्या कुणाचं चाललंय असंच वाटायचं. तुला सांगितलं की ते माझं झालं असतं. चुकलं माझं, प्रतिमा. सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं."

दोन्ही बाजूंचे हात स्थिर होते. एक पाखरू येऊन मधल्या पट्ट्यावर बसलं, टिप् टिप् करत दोघींच्या मधून चाललं आणि उडालं.

"रडू नको त्यावर," मावशी शेवटी म्हणाली. तिचाही आवाज काही धड नव्हता. "मीठ घातलंय मी आधीच."

आई रडता रडता हसली. छत थरथरलं, आणि खाली सगळे चंद्र हलले.

"आणि ए आशू!" मावशीने छतावर बोटं वाजवली. "ज्या खोक्यावर बसून राहिली त्यातच आहे ना सोऱ्या? दिसते मला तुझी सावली!"

वरून खालचं काही दिसत असेल की नाही, देव जाणे. पण आश्लेषा ताडकन उभी राहिली, एवढं खरं.

शनिवारी ट्रक यायच्या आत कुरडया खडखडीत वाळल्या. एकही खारीने नेली नाही. दोन डबे भरले, एक इकडे, एक तिकडे. प्लॅस्टिक काढलं, पण मधल्या उघड्या पट्ट्यावर, सोऱ्या जिथून सरकला होता तिथे, चिकाचा एक ओघळ या कडेपासून त्या कडेपर्यंत वाळून बसला होता. आईने पोछा घेतला. मावशी म्हणाली, "राहू दे गं." ट्रकने डबा उचलला, आणि तो ओघळासकट गल्लीच्या टोकाला वळला. मावशी आईचा हात धरून उभी होती.

रेडमंडला ते पोचले तेव्हा आभाळ राखाडी होतं. रिकाम्या घरात काही दिवस ते जमिनीवरच झोपले आणि कागदाच्या ताटलीत जेवले. मग एका सकाळी, बारीक भुरभुर चालू असताना, लांबून ट्रकचा घरघराट आला. आश्लेषा अनवाणीच बाहेर धावली. पांढरा डबा झाडांच्या मधून हळूहळू येत होता, स्वप्नात घर स्वतःच चालत यावं तसा. बाबा हात हलवून ड्रायव्हरला खूण करू लागला.

"थांबा!" आई दारातून ओरडली. "विनय, त्याला दोन मिनिटं थांबायला सांग!"

"का? काय झालं?"

 आईच्या कानाला फोन होता. ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, डबा अजून त्याच्या पाठीवर, पावसात भिजत.

"प्रतिमा? डबा आला. नाही, अजून खाली ठेवलेला नाही. शेजाऱ्यांनी पण पाहिलेला नाही. हो... हो, आधी तुला सांगतेय."

पलीकडून मावशी काहीतरी बोलली. आई हसली आणि फोन आश्लेषासमोर धरला.

"आत जाऊन वर बघ म्हणाली," आई म्हणाली. "आपली चिकाची रेघ आहे का अजून, ते सांग म्हणाली."

डबा ड्राइव्हवेवर टेकला. आश्लेषाने कडी काढली, दार वर ढकललं, आणि फोन हातात घेऊन खोक्यांच्या मधून आत शिरली. आत तोच उजेड होता, फक्त इथे जरा निळसर. वर थेंबांच्या सावल्या टपटपत होत्या. तिने मान मागे टाकली आणि शोधू लागली.

"दिसली का गं?" फोनमधून मावशी विचारत होती. "आशू? दिसली का?"

"थांब ना, मावशी," आश्लेषा म्हणाली. तिला इतक्यात सांगायचंच नव्हतं. "अजून थोडं बघू दे."